मूठ उघडा

१

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दहाच्या ठोक्याला पाऊण आपल्या बापाला खुर्चीत बसवायचा आणि त्याच्या हाताला तार जोडायचा.

हात म्हणजे जेवढा उरला होता तेवढाच. उजव्या कोपराखाली वीतभर खुंट, आणि खुंटाच्या आतल्या बाजूला कातडीतून डोकं वर काढलेलं, शर्टाच्या गुंडीएवढं सॉकेट. तार त्यात टिक करून बसायची. बाप दर वेळी तोंड फिरवायचा आणि म्हणायचा, नीट लाव. ती नीटच लागलेली असायची. पण नीट लाव म्हटल्याशिवाय बापाला बाप असल्यासारखं वाटत नसावं.

पाऊण हे नाव काकानं ठेवलेलं. चार वर्षांच्या इंजिनियरिंगची तीन वर्षं करून पोरानं कॉलेज सोडलं, म्हणजे पोरगा पाऊण इंजिनियर. घरभर हशा झाला आणि नाव चिकटलं. काका स्वतः शाळेत दोनदा गटांगळ्या खाल्लेला, पण ते आता कोणी काढत नव्हतं. माणसाचे केस पिकले की त्याचं नापास होणं आपोआप माफ होतं.

प्रयोगशाळेत मात्र पाऊणवाचून कोणाचं चालत नव्हतं. काम असं होतं: मऊ रबराची तांदळाच्या दाण्याएवढी नळी घ्यायची, भिंगाखाली तिच्यात केसाहून बारीक तारेच्या दोन कड्या बसवायच्या, आणि ती सर्जनकडे द्यायची. सर्जन ती तुटलेल्या हाताच्या नसेभोवती गुंडाळायचा. हात गेला तरी नस असते. मेंदूला हात गेल्याचं कळत नाही, तो हुकूम सोडतच राहतो. कड्यांनी तो हुकूम टिपायचा आणि यंत्राच्या हाताला द्यायचा. भल्याभल्या पदवीधरांची बोटं ज्या कामाला थरथरायची ते पाऊण चहाच्या दोन घोटांमध्ये उरकायचा. बापाच्या नसेभोवतीची नळीही त्यानंच बनवलेली.

बापाचा हात छापखान्यात गेला होता. कागद कापायच्या मशीनला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. बापानं एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलेलं. सगळेच ठेवतात, काम भरभर होतं. त्या दिवशी त्याच्या डाव्या हातात फोन होता, उजवा हात पात्याखाली गठ्ठा सरळ करत होता. फोनवर पाऊण होता, कॉलेज सोडलं हे सांगत. बाप ओरडत होता. "घरी ये तू. मानगूट धरून परत नेऊन बसवतो." आणि दुसऱ्या बटणावर त्याचं डावं कोपर पडलं. पाऊणला फोनमध्ये पात्याचा आवाज ऐकू आला. जाड, ओलसर, एकदाच.

चिकटपट्टीबद्दल घरात कोणी बोललं नाही. हात पोरामुळे गेला, असं ठरलं. काकानं ठरवलं, आत्यानं ठरवलं, बापानं नाही म्हटलं नाही.

म्हणून पाऊणनं इथली नोकरी धरली, आणि खटपट करून बापाला इथल्या चाचणीत घातलं. बापाला हात बसला की आपण मोकळे, हे त्यानं मनाशी बांधलं होतं. नवा हात द्यायचा आणि निघायचं, दुसऱ्या शहरात, जिथे त्याला कोणी पाऊण म्हणणार नाही.

अडचण एकच होती. काचेपलीकडून इंजिनियर बाई माइकमध्ये म्हणायच्या, "मूठ आवळा." पडद्यावर झकास रेघ उठायची. मग बाई म्हणायच्या, "मूठ उघडा." पडदा सपाट. चार महिने सपाट. आणि जो माणूस आवळतो पण उघडत नाही, त्याला यंत्राचा हात देता येत नाही. उद्या कोणाचा हात हातात घेतला तर?

बाप सांगायचा, नसलेली मूठ त्या दिवसापासून मिटलेलीच आहे. काहीतरी धरलंय तसं वाटतं.

असं पुष्कळांना वाटतं, बाई म्हणाल्या.

२

एका बुधवारी पाऊणला रेघेच्या मागे एक बारकी रेघ दिसली.

दोन कड्या कशाला असतात ते सांगायला हवं. लाल कडी खांद्याच्या बाजूला, निळी हाताच्या बाजूला. हुकूम वरून खाली जातो तेव्हा आधी लाल वाजते, मग निळी. हाताला काही लागलं आणि ते वर निघालं, तर आधी निळी, मग लाल. बापाच्या बाबतीत दुसरा प्रकार होण्यासारखाच नव्हता. वर यायला खाली काही उरलं नव्हतं.

ही बारकी रेघ आधी निळीत होती, मग लालमध्ये.

बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि म्हणाल्या, तारा उलट्या जोडल्या असशील. या धंद्यातली ही नेहमीची चूक. पाऊणनं तारा सोडवल्या, तपासल्या, बरोबर होत्या. मुद्दाम उलट्या लावून पाहिल्या, तेव्हा हुकूमच खालून वर जाताना दिसायला लागला. म्हणजे आधीच बरोबर होतं. हुकूम खाली जात होता आणि खालून काहीतरी परत येत होतं.

बाई म्हणाल्या, तुटक्या नसेच्या टोकाला गाठ होते, ती कुरकुरते. पटण्यासारखं होतं. पण गाठ चार बोटांवर होती, तिची कुरकुर लागलीच यायला हवी. ही रेघ हुकुमानंतर दर वेळी शहाण्णव मिलिसेकंदांनी येत होती. नसेतला निरोप सेकंदाला सुमारे पन्नास मीटर जातो. जाऊन येऊन शहाण्णव, म्हणजे एका बाजूला दोन मीटर चाळीस.

बापाचा हात होता तेव्हाही तो पाऊण मीटर भरला नसता.

"गाळणी लाव आणि काढून टाक ते," बाई म्हणाल्या. "अहवालात घाण नको."

त्यानं गाळणी लावली. अहवाल स्वच्छ झाला. स्वतःच्या कॉम्प्युटरवर मात्र त्यानं ती लावली नाही.

शुक्रवारी त्याच्या खुर्चीचं चाक तुटलं म्हणून तो लांब केबल ओढून सामानाच्या खोलीत, खोक्यांवर बसला. तिथून पाहिलं तर रेघ उशिरा आली. तीनशे आठ. सात मीटर सत्तर.

बाई आणि बाप चहाला गेले तेव्हा त्यानं टेप काढली. बापाच्या खुर्चीच्या हातापासून, दारातून, सामानाच्या खोलीतल्या खोक्यांपर्यंत. मग पुन्हा बापाच्या खुर्चीपासून काचेमागे, त्याच्या मोडक्या खुर्चीपर्यंत. दोन्ही आकडे हिशेबाशी जुळले. ते त्यानं तळहातावर लिहिले, आणि लागलीच साबण लावून धुतले. साबणाचा वास दिवसभर हाताला राहिला.

मान तर कित्येक महिने आखडलेलीच होती. आई म्हणायची, उशी बदल.

३

इतर दिवशी बाप घरी बसून सराव करायचा. कमरेला डबी, डबी दर अर्ध्या तासानं टुक करायची, बाप जिथे असेल तिथे नसलेली मूठ आवळायचा. जेवताना, दाढी करताना, टीव्हीसमोर. डबी सगळं टिपून प्रयोगशाळेत पाठवायची.

पाऊणनं महिनाभराची नोंद काढली आणि उत्तर यायला लागलेल्या वेळेचा आलेख मांडला. स्वतःला त्यानं सांगितलं की डबीचं घड्याळ चुकतंय का, एवढंच पाहायचंय.

सकाळी नऊपर्यंत रेघ तळाला. नऊनंतर चढ. साडेनऊला बहात्तर सेकंद, आणि तिथे दिवसभर सरळ. सहानंतर उतार. सातला पुन्हा तळाला. रविवारी दिवसभर तळाला, फक्त संध्याकाळी एक छोटा उंचवटा.

रविवारी संध्याकाळी तो कोपऱ्यावरच्या दुकानात दाढीचं पातं आणायला गेला होता.

घर ते प्रयोगशाळा, नकाशावर सरळ रेषेत, एक किलोमीटर आठशे मीटर. त्यानं गुणाकार केला नाही. बहात्तर डोळ्यांसमोर असताना करायची गरज नव्हती.

मधल्या एका मंगळवारी रेघ एकदम वर गेली होती. सहा मिनिटांपर्यंत, तासभर तिथे, मग खाली. त्या मंगळवारी त्यानं बाईंना दाताचं कारण सांगून सुट्टी घेतली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नऊ किलोमीटरवर, एका कारखान्याच्या कचेरीत मुलाखत होती. बहिऱ्यांसाठी कानात बसवायची यंत्रं बनवणारा कारखाना, इथून दोनशे सत्तर किलोमीटर लांब. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं.

आणि त्याला आता आठवलं, त्याच संध्याकाळी बाप टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला होता, "आज कुठे लांब गेला होतास का रे? दुपारी हाताला फार ओढ बसली."

तेव्हा तो हसून नाही म्हणाला होता. म्हाताऱ्याला खोड्या काढायची सवय, एवढंच त्याच्या डोक्यात आलं होतं.

४

माणूस जोवर हिशेब करतो तोवर घाबरत नाही. पाऊणनं म्हणून हिशेबानंच शेवट करायचं ठरवलं. शंका असली की चाचणी करायची. तीन वर्षांच्या कॉलेजनं एवढं तरी शिकवलं होतं.

सोमवारी बाई फोनवर बाहेर गेल्या. बाप खुर्चीत, काचेकडे पाठ करून, डोकं मागे टेकून. सॉकेटमध्ये तार. पडदा सपाट, कारण कोणी काही सांगितलं नव्हतं आणि बापानं काही केलं नव्हतं. यंत्राचा पंखा घुरघुरत होता. पलीकडच्या जिन्यावर कोणीतरी बादली ठेवली.

पाऊणनं हात मागे नेला आणि स्वतःच्या मानेवर, केसांच्या खाली, बोटानं टिचकी मारली.

पडद्यावर निळी, मग लाल.

टेबलाला धक्का लागला असेल. त्यानं टेबलावर तीन टिचक्या मारल्या. पडदा सपाट. मानेवर तीन मारल्या.

तीन रेघा.

काचेपलीकडे बापानं डोकं उचललं. मान वळवली नाही. स्पीकरमधून त्याचा आवाज आला, झोपेतल्यासारखा, वैतागलेला.

"कोण आहे रे ते हातावर टिचक्या मारतंय?"

पाऊणनं हात मांडीवर ठेवला. समोरच्या काचेत त्याला स्वतःची पुसट आकृती दिसत होती, शर्टाच्या कॉलरपर्यंत. कॉलर मागून जरा ओढल्यासारखी वर आलेली होती. चुणी पडली असेल. चुण्या चार होत्या.

त्यानं काचेत पाहणं सोडून दिलं.

५

त्या दुपारी बसथांब्यावर पाऊण बापाशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही मूठ उघडत का नाही?"

बाप म्हणाला, उघडत नाही म्हणजे काय, उघडता येत नाही. डॉक्टरनं सांगितलंय. मग डॉक्टर, सर्जन, बाई, सगळ्यांना एक एक शिवी घातली. पाऊण ऐकत राहिला. शिव्या संपल्यावर त्यानं पुन्हा विचारलं, कधी प्रयत्न तरी केलात का. खरं सांगा.

बस दिसायला लागली होती. बापानं डाव्या हातानं पिशवी खुंटात अडकवली आणि बसच्या नंबराकडे डोळे बारीक केले.

"उघडली तर सुटेल ना," तो म्हणाला.

"काय सुटेल?"

बापानं त्याच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर पाऊणला बरं वाटलं असतं. बापाच्या डोळ्यांत भीती होती, गर्दीत पोराचा हात धरून चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असते तसली. पाऊणला आयुष्यात पहिल्यांदा त्याची कीव आली आणि त्याच दमात त्याला बसखाली ढकलून द्यावंसं वाटलं. मोठी माणसं घाबरतात आणि त्या घाबरण्याला काळजी म्हणतात. लहानांनी ती मानेवर वागवायची.

"चढ आधी," बाप म्हणाला. "गप्पा मारत बसलाय."

पंधरा दिवसांनी कारखान्याचं पत्र आलं. नवा हात द्यायचा मग निघायचं, हे त्यानं मनातून काढून टाकलं. आईला सांगितलं, तिनं बॅग भरली. काका म्हणाला, निघाला पाऊण, आता तिकडून अर्धा होऊन येईल. बाप दारापर्यंतही आला नाही. आतल्या खोलीतून डबीचं टुक ऐकू आलं, आणि जिना उतरता उतरता पाऊणची मान आखडली.

६

लांब गेलं की हलकं वाटतं, हे खरं निघालं. नवी खोली, पांढऱ्या भिंती, एक खुर्ची, एक खिडकी. कारखान्यात त्याच्या बोटांवर सगळे खूश. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं पहिल्याच आठवड्यात त्याला डब्यातलं दिलं आणि नाव विचारलं. त्यानं खरं नाव सांगितलं. किती महिन्यांनी तोंडात आलं होतं.

मान मात्र दुखायची. एरवी अधूनमधून, पण सोमवार, बुधवार, शुक्रवारी ठरलेल्या वेळी. साडेअकराला.

दहाला नाही. साडेअकराला. त्यानं दोन आठवडे तिकडे लक्ष दिलं नाही, तिसऱ्या आठवड्यात गुणाकार केला. पन्नास मीटर सेकंदाला म्हणजे तासाला एकशे ऐंशी किलोमीटर. दोनशे सत्तरला दीड तास. दहाला बाई म्हणत असतील, मूठ आवळा. साडेअकराला ते इथे पोचतं.

पोचल्यावर काय, तर जरा चिमटा. दुरून आलेलं, दमलेलं. असलं सहन करता येतं. लोक याहून कितीतरी घेऊन जगतात, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि ते जवळजवळ पटलंही.

मग एका गुरुवारी, तो खोलीवर येऊन बूट काढत असताना, फोन वाजला. पाच वाजून बत्तीस मिनिटं. इंजिनियर बाई होत्या, आणि आनंदात होत्या.

आज सर्जन आले होते, म्हणून जादा बैठक दुपारी घेतली, त्या सांगत होत्या. आणि तुझ्या बाबांनी कमालच केली. रेघ पडद्याबाहेर गेली. पडद्याची मापपट्टी बदलावी लागली. त्यांना विचारलं तर म्हणतात, आजवर मी हात राखूनच धरत होतो.

पाऊणनं विचारलं, किती वाजता.

"काय?"

"किती वाजता आवळली, मॅडम?"

"चार दहाला," बाई म्हणाल्या. "आणि गंमत म्हणजे सोडायला तयार नाहीत. बैठक संपली, घरी गेले, तरी डबीवर दिसतंय, अजून आवळूनच आहेत. म्हटलं आजच एवढा जोर कसा? तर म्हणाले, पोरगं लांब गेलंय, आता अलगद धरून कसं भागेल."

त्यानं फोन ठेवला. चार दहा आणि दीड तास. पाच चाळीस. घड्याळात पाच चौतीस.

एवढ्या वेगानं पळेल असं त्याच्याकडे काही नव्हतं. त्यानं घरचा नंबर लावला. फोन बापानंच उचलला. कॉलेज सोडलं त्या दिवसानंतर दोघं पहिल्यांदाच फोनवर बोलत होते.

"बाबा," तो म्हणाला, "मूठ उघडा."

पलीकडे लांबून टीव्हीचा आवाज.

"बाबा, मी येतो परत. कॉलेजला बसतो. तुम्ही म्हणाल ते. पण आत्ता उघडा. मी पाया पडतो तुमच्या."

मग बापाचा आवाज आला, आणि तो इतका मऊ होता की पाऊणला आधी दुसऱ्याच कोणाचा वाटला.

"अरे, रडतोस कशाला? एवढंच ना?" खुर्ची करकरली. "हं. उघडली बघ. उघडली की रे. अरे, सगळी बोटं सुटली." बाप हसत होता. आईला हाका मारत होता, ये गं इकडे, मूठ उघडली. "झालं ना आता तुझ्या मनासारखं? बरं वाटतंय?"

पाच वाजून सदतीस मिनिटं.

पाऊणनं हिशेब केला. न करणं त्याच्या हातात नव्हतं. उघडलेली मूठ आत्ता तिकडून निघाली. ती इथे पोचेल सात वाजून सात मिनिटांनी. तिच्याआधी, तिच्यापुढे धावत, चार दहाला निघालेली मूठ येत होती, आणि त्या दोघींच्या मधली सगळी मिनिटं आवळलेली होती.

"हो, बाबा," तो म्हणाला. "बरं वाटतंय."

फोन त्यानं चालूच ठेवून खिडकीत ठेवला. त्यातून आईबापाचं हसणं बारीक येत राहिलं. शर्टाची वरची दोन बटणं काढली. मग खुर्ची मागे ओढली आणि पाठ, डोकं, मान, सगळं पांढऱ्या भिंतीला घट्ट टेकवून बसला. मागे केसभरही जागा राहू नये म्हणून आणखी रेटलं.

भिंत गार होती. फक्त मानेपाशी नव्हती. तिथे कोणीतरी, सावकाश, एक एक करून, बोटं नीट बसवून घेत होतं.